डावीकडची सीट

आता जे सांगणार आहे ते मी आजपर्यंत एकाही माणसापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवून ठेवणं ही काय चीज आहे, ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

गंमत म्हणजे, यातली अर्धी गोष्ट तुम्ही ऐकलेलीही असेल. बीड-गेवराई-उमापूर या पट्ट्यात आमच्या नात्यातल्या एखाद्या लग्नाला तुम्ही आला असाल, तर मांडवात खुर्च्यांचं कोंडाळं पाहिलं असेल. मधोमध पोट सुटलेला, डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत ओढून नेलेला एक इसम हातवारे करताना दिसला असेल. तो मी. दत्ता. बीडात शिकवणी घेतो, इतिहासाची. बोलणं हा माझा धंदा आणि गप्प बसणं हा मला न जमणारा विषय. जेवणं उरकली की कुणीतरी हमखास म्हणतं, "दत्तामामा, ती पिवळ्या गाडीची सांगा की!" मी थोडे आढेवेढे घेतो — घ्यावे लागतात — आणि सुरू होतो.

ती गोष्ट झकास आहे. उगाच विनय कशाला? आमचा भाचा प्रशांत पुण्याहून दोन सीटांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार घेऊन येतो, मला शेजारी बसवतो, आणि आम्ही मामा-भाचे बालाघाटाच्या डोंगरातून निघून थेट सह्याद्रीतले घाट पालथे घालून येतो. तिच्यात हसायच्या जागा आहेत, घाबरायच्या आहेत, आणि शेवटी एक दरी आहे — ती सांगताना मी आवाज खाली आणतो. पाटोद्याच्या गतिरोधकांचा प्रसंग आला की बायका पदर तोंडाला लावतात. सहा-सात वर्षं सांगतोय. एकदाही पडली नाही.

फक्त — त्या गोष्टीतली डावीकडची सीट माझी नव्हती.

कुणाची होती? ते सांगायचं तर आधी अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा माझे थोरले भाऊ. आयुष्यभर एसटीवर ड्रायव्हर. नोकरीची पहिली बरीच वर्षं त्यांनी कोकणातल्या डेपोत काढली. आमच्याकडची पुष्कळ पोरं तेव्हा तिकडेच लागायची. महाबळेश्वराहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट ते इतक्यांदा उतरले, की वहिनी म्हणायच्या, "झोपेत पण ह्यांचा पाय बिरेकावर असतोय." प्रशांत आमच्या बहिणीचा मुलगा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले, आणि पोरगं अण्णांच्या घरात वाढलं. अण्णांना स्वतःचं मूलबाळ नाही. मे महिन्यात अण्णा त्याला आपल्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर बसवून घाटातून न्यायचे. पोरगं तिथंच गाडीच्या प्रेमात पडलं, आणि अण्णा पोराच्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. ते लक्षात असू द्या. 'बिचाऱ्याला कल्पना नसेल' ही सवलत मला लागू नाही.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही — आमच्या घराची रीत. आमच्यात थोरल्या माणसाला काही सरळ विचारत नाहीत. लग्नाला येता का, बांध सरकवता का, दवाखान्यात चलता का — काहीही असो, मधे एक माणूस घालायचा. त्यानं जायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, चहा घ्यायचा, कप खाली ठेवता ठेवता विषय काढायचा आणि उत्तर घेऊन परत यायचं. 'हो' असेल तर आनंदच. 'नाही' असेल तर ते मधल्याच्या तोंडून येतं, म्हणून कुणाची मान खाली जात नाही. आणि मुख्य म्हणजे, नंतर ती दोन माणसं समोरासमोर आली तरी त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. काढला तर थोरल्याला त्याचं 'नाही' पुन्हा म्हणायला लावल्यासारखं होतं. मेंढरं घेऊन हिंडणारे आमचे आजे-पणजे तापट होते, एकदा काठी उचलली की खाली ठेवत नसत. त्यांच्यात कुणा शहाण्या बाईनं ही रीत पाडली असावी. लई सोयीची रीत. हिच्यामुळे आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत एकही भांडण झालेलं नाही.

आणि हा मधला माणूस कोण? — बरोबर. ज्याचं तोंड चालतं तो. मी सोयरिकी जुळवल्यात, रुसलेले जावई ताटावर आणून बसवलेत, एकमेकांचं पाणी न पिणाऱ्या दोन चुलत्यांना एका ट्रॅक्टरवर उमापूरहून गेवराईला नेऊन आणलंय. या कामात मी चांगला आहे, हे मी तोंड वर करून सांगतो. माझ्या शब्दाची कुणी कधी उलटतपासणी केली नाही. करायची पद्धतच नव्हती.

तर त्या प्रशांतचा फोन आला.

"मामा, गाडी घेतली! जुनी हाय, पण पिवळीजर्द. दोनच सीटा." मग मुद्द्यावर आला. "अण्णांना घाटात न्यायचंय. बीडातून मांजरसुंब्याच्या घाटानं निघायचं, साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी उतरायचा, वरंध घाटानं वर यायचं. तुमी विचारता का त्यांना? मी विचारलं तर 'पेट्रोल कावून जाळतोस' म्हणतेत."

"विचारतो की," मी म्हणालो. "ह्या पावली जातो."

आणि खरंच निघालो. अण्णांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. मधे चहाची टपरी लागते. माझी मित्रमंडळी तिथं असते. आता भाच्यानं स्पोर्ट्स कार घेतली, आणि मामा टपरीवरून मुकाट्यानं पुढे गेला — असं कधी झालंय का? मी गाडी रंगवून सांगितली. न पाहिलेली गाडी मी इतकी सांगितली, की टपरीवाल्यानं गॅस बारीक केला. मग कुणीतरी विचारलं, "मग सर, घाटात तुमीच चाललात जणू?"

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं — 'नाही, अण्णा.' दोन शब्द.

मी म्हणालो, "मग? दुसरं कोण?"

टपरीवरचा शब्द परत घेता आला नसता का? आला असता. मी तर तिथं रोज कायकाय बोलतो आणि रोज परत घेतो. दोन गल्ल्या चालता चालता मी मनातल्या मनात तो घेतलाही. पण त्या चालण्यात मला स्वतःचं एक चित्र दिसत होतं — टप उघडी, काळा गॉगल, गल्लीतली पोरं मागे पळतायत — आणि ते चित्र, काय सांगू, फार चांगलं दिसत होतं. आणि एक बारीकसं कुसळही होतं. मीही मामाच ना? या पोराचे पाढे कुणी घेतले? दहावीचा इतिहास कुणी करून घेतला? माझं नाव का नाही निघालं?

अण्णा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी नेहमीसारखा बसलो. वहिनींनी चहा आणला. मी पाऊसपाण्याचं बोललो, बाजाराचं बोललो, आणि कप खाली ठेवता ठेवता विषय काढला.

"अण्णा, पशा येतोय शुक्रवारी. नवी गाडी घेतलीय त्यानं."

"आरं वा!"

"घाटात जायचं म्हणतोय. आंबेनळीला."

अण्णांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझं आयुष्य लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघण्यात गेलंय, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा — तो चेहरा 'हो' म्हणून तयार होता. मी फक्त विचारायचं बाकी होतं.

मी म्हणालो, "मला घेऊन चाललाय."

घरात वहिनींनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. अण्णांनी एक शेंग उचलली, फोडली.

"किती माणसं बसतेत तिच्यात?"

"दोनच."

"हां," अण्णा म्हणाले. शेंगेतले दाणे त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. "जा मग. सोटर घे. वर गार असतंय."

आणि मी ते दाणे खाल्ले. हेही सांगून टाकतो.

संध्याकाळी प्रशांतला फोन केला. "अण्णा नको म्हणतेत रे. लई घाट बघितले म्हणले, आता इच्छा न्हाई राह्यली." तो म्हणाला, "बरं." आणि मग, चांगल्या घरात वाढलेलं पोरगं म्हणून, "तुमी चला मग मामा. एकटा कुठं जाऊ?"

म्हणजे मला बोलावणंसुद्धा मिळालं. सगळं रीतसर झालं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला साधी वेळ विचारली तर तो घड्याळाचा इतिहास सांगतो, त्याला एवढ्या मोठ्या कामाला दोनच वाक्यं पुरली.

शुक्रवारी सकाळी पिवळी गाडी अण्णांच्या दारात उभी राहिली. मांडवात मी हा प्रसंग गाडीच्या उंचीवरून खुलवतो — नारळ समोर ठेवला तर गाडी आणि नारळ एकाच उंचीचे दिसत होते, वहिनींना ओवाळायला उकिडवं बसावं लागलं, चाकाखालचं लिंबू गाडीपेक्षा रुबाबात होतं, वगैरे. हे सगळं खरं आहे. पण खरा प्रसंग तो नव्हता.

अण्णा गाडीभोवती एक फेरा मारून आले. वाकून टायर दाबून पाहिला. "बिरेक बघितले का?" एवढंच प्रशांतला विचारलं. "बघितले," तो म्हणाला. मग अण्णा डाव्या बाजूला गेले आणि त्यांनी दार उघडलं.

प्रशांतचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. त्याला वाटलं, अण्णांनी मन बदललं. तो उजवीकडून अर्धा आत बसला होता तो तसाच वळला, आणि हातानं डावीकडची सीट पुसू लागला. नुकतीच पुसलेली सीट पुन्हा पुसली.

अण्णांनी आत वाकून सगळं पाहिलं — मीटर, गिअर, ती सीट. मग सरळ झाले, आणि दार माझ्यासाठी धरून उभे राहिले.

"बस दत्त्या. डोकं सांभाळ."

तिघं होतो आम्ही, हाताच्या अंतरावर. त्यातल्या दोघांपैकी कुणीही एक शब्द बोलला असता, तर माझं सगळं उघडं पडलं असतं. प्रशांतनं नुसतं 'अण्णा, खरंच येत न्हाई?' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण रीत. 'नाही' एकदा येऊन गेलं होतं ना — ते पुन्हा कसं विचारायचं? आणि न बोलावलेल्या माणसानं तरी काय बोलायचं? दोघंही गप्प. आणि ती शांतता जरा जरी लांबली असती तर मोडली असती, म्हणून मी बोलत होतो. सीटच्या खोलीबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल, न्हाणीतल्या पाटावर बसल्यासारखं वाटतंय याबद्दल. अखंड. वहिनी हसल्या. शेजारची पोरं हसली. जी गोष्ट मी नंतर शंभर मांडवांत सांगितली, तिचा पहिला प्रयोग तिथं झाला — कुणी मधे बोलू नये म्हणून.

अण्णांनी दार लावलं. हलक्या हातानं. ड्रायव्हर माणूस, दार आपटत नाही.

प्रवास सुंदर झाला. त्याबद्दल खोटं कशाला बोलू? पालीच्या पुढे बिंदुसरा धरणाचं पाणी सकाळच्या उन्हात लखलखत होतं, मांजरसुंब्याच्या घाटात गाडी वळणांवर अशी वळायची जशी मांजर पायात घोटाळते. पाटोद्याच्या रस्त्याला गतिरोधकावर गाडीचं पोट घासू नये म्हणून मला खाली उतरावं लागायचं. मी उतरलो की गाडी चार बोटं वर यायची, आणि गाव टाळ्या वाजवायचं. जिथं चहाला थांबलो तिथं माणसं गोळा झाली, दोन्ही हात मागे बांधून गाडीभोवती फिरली आणि एकच प्रश्न विचारला: "ॲव्हरेज काय देती?" प्रशांत आकडा सांगायचा. लोक खिन्न व्हायचे. एक म्हातारा म्हणाला, "मग हिला हाकायची का नुस्ती दावणीला बांधायची?" यावर आम्ही जामखेडपर्यंत हसलो.

साताऱ्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मेढ्यावरून वर चढायला लागलो, आणि तिथून मी मांडवात कधीच न सांगितलेला भाग सुरू होतो.

मला घाट लागतो. गाडी लागते म्हणा. सपाटीवरचा माणूस मी; आमचे डोंगर बसल्या बैलाएवढे. केळघरच्या वळणांवर पोट गळ्याशी आलं. डोळे मिटले की बरं वाटायचं, म्हणून मिटले. पण ज्या सीटवर बसण्यासाठी मी एवढं केलं होतं, तिच्यात डोळे मिटून बसल्याचं भाच्याला दिसलं तर? मग गॉगल लावला. काळ्या काचांआड डोळे मिटून, मधून मधून "अहाहा" म्हणत, मी सह्याद्री पाहिला.

आंबेनळीच्या एका वळणावर प्रशांतनं गाडी बाजूला घेतली आणि उतरला. मीही धरत-सावरत उतरलो आणि पहिल्यांदा डोळे उघडले, पण जमिनीकडे. तो कठड्यापाशी उभा होता.

"मामा, तुमाला माहितीय का," तो म्हणाला, "अण्णांनी ही दरी कधी बघितलेली न्हाई."

मी म्हणालो, "एवढी वर्षं तर उतरलेत की इथनं."

"ड्रायव्हरला कुठं बघता येतंय? त्याची नजर रस्त्यावर. मी बॉनेटवर बसायचो ना, तर मला म्हणायचे, पशा, खाली काय दिसतंय ते सांग. मी सांगायचो. नदी हाय, वाडी हाय, एका घरातनं धूर निघतोय, दोन गायी. धुकं असलं तर मनानंच सांगायचो. एकदा हत्ती सांगितला. ते म्हणले, हत्ती काय करतोय? म्हटलं, आंघोळ." तो हसला. "मी तेव्हाच ठरवलेलं. मोठा झालो की गाडी मी चालवणार आणि अण्णा नुस्ते बसणार. डावीकडं. दरीच्या बाजूला."

मग त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता.

"ते नको कावून म्हणले असतील, मामा? माझं काही चुकलं का?"

बघा, इथं जागा होती. सगळी रीत मागे बीडात राहिली होती. घाटात आम्ही दोघंच. मी खरं बोललो असतो तर त्यानं मला चार शब्द सुनावले असते, गाडी वळवली असती, रात्रीपर्यंत बीड गाठून अण्णांना उचललं असतं. माझं काय गेलं असतं? टपरीवरची थोडी इज्जत. गेली असती आणि आठवड्यात परत आली असती, टपरी काही फार कडक न्यायालय नाही.

मी म्हणालो, "तसं न्हाई रे. तुझ्या असल्या गाडीत त्यांना अवघडल्यागत होत असंल. तू आता मोठा मानूस. ते आपले साधे."

हे वाक्य आत्ता लिहितानाही मी दोनदा खोडलं. पहिलं खोटं मी हावेनं बोललो. हे कशानं? सीट तर मला मिळालीच होती. वर त्या पोराला मी असं सांगितलं, की तू वर गेलास म्हणून ते तुझ्यापासून लांब गेले — तुझ्या यशानंच हे केलं. याला लबाडी हा शब्द पुरत नाही. निर्दयपणा म्हणा. मी म्हणतो.

प्रशांत गाडीत बसला. पोलादपूरपर्यंत, आणि पुढे वरंध घाट चढून भोरपर्यंत, त्यानं तोंड उघडलं नाही, आणि मी डोळे.

म्हणजे हिशेब असा, की ज्या माणसाला दरी बघायची होती तो बीडात शेंगा फोडत होता, ज्याला दाखवायची होती तो रस्त्याकडे बघत होता, आणि ज्यानं ती जागा बळकावली त्यानं डोळे मिटून घेतले होते. मांडवात मी जी दरी सांगतो, ती निळ्या धुक्याची, मधून चांदीच्या तारेसारखी नदी गेलेली — ती आमच्या केस कापायच्या दुकानातल्या कॅलेंडरवरची आहे. ते कॅलेंडर कुठल्या डोंगराचं आहे, मला माहीत नाही. बहुतेक परदेशातलं.

त्यानंतर काय झालं? काहीच झालं नाही, हेच तर आहे. आमच्यात भांडणं होत नाहीत. प्रशांत सणाला येतो, अण्णांच्या पाया पडतो, 'बरं हाय ना' विचारतो, चहा घेतो आणि लवकर निघतो. आपल्याला बघून ते अवघडतात, असं त्याला वाटतं. कुणामुळे वाटतं? अण्णा त्याला फार थांबवत नाहीत. आपण आता ह्याच्या गाडीत मावत नाही, असं त्यांना वाटतं. त्याच्या पुण्यातल्या घराच्या वास्तुशांतीला अण्णा गेले नाहीत. निरोप माझ्याकरवी पाठवला — "गुडघे दुखतेत म्हणून सांग." मी तो इमानेइतबारे पोचवला. त्यावर प्रशांतनं मला हळूच विचारलं, "अजून राग हाय का त्यांच्या मनात?" मी तोही प्रश्न खिशात घालून घेतला आणि कुठंच पोचवला नाही. पिवळी गाडी त्यानं मुलगी झाल्यावर विकली. आता चार दारांची आहे. तिच्यात पाच माणसं बसतात. अण्णा अजून तिच्यात बसलेले नाहीत.

आणि दोन वर्षांमागं अण्णांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. उशिरा कळला. कडेचं सगळं गेलं. समोरचं तेवढं दिसतं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. भाकरी दिसते, पण ताट दिसत नाही. माणसाचं नाक दिसतं, माणूस चाचपावा लागतो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचं. आता उद्या कुणी त्यांना आंबेनळीच्या कठड्यावर नेऊन उभं केलं, तर त्यांना काय दिसेल? दरीतलं एक घर. कदाचित एक गाय.

गेल्या महिन्यात उमापूरला चुलत पुतणीचं लग्न होतं. कोंडाळं जमलं. अण्णांना पहिल्या रांगेत खुर्ची दिलेली. ते नेहमी पहिल्या रांगेतच बसतात आणि सगळ्यांच्या आधी हसतात; गतिरोधकावर तर डोळे पुसतात. इतकी वर्षं माझ्या त्या गोष्टीला त्यांच्याइतकं दिलखुलास कुणी हसलेलं नाही, आणि त्यांच्यासमोर ती सांगताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही — हेसुद्धा माझ्या खात्यावर लिहा. प्रशांतही आला होता. मागे, खांबाला टेकून उभा. मी रंगात आलो होतो. अण्णा म्हणाले, "दत्त्या, बाकीचं राहू दे. ती दरी सांग."

मी सांगितली. निळं धुकं. चांदीची तार.

ते मान किंचित तिरपी करून ऐकत होते. अगदी लक्ष देऊन. सांगून झालं तसं त्यांनी विचारलं, "आणि वाडी? वाडी दिसली का रे खाली? धूर निघत होता का?"

मला काही सुचेना. मला — सुचेना. मी नजर वर केली तर खांबापाशी प्रशांत उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्याचे ओठ हलले, तो काहीतरी बोलणार होता, एक पाऊल पुढेही आला. आणि थांबला. त्याला वाटलं असणार, ते मामांना विचारतायत, आपल्याला नाही.

मी म्हणालो, "हो अण्णा. निघत होता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तर हे असं आहे. प्रशांतनं अण्णांना बोलावलं होतं. अण्णांनी नकार दिला नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मधे मी होतो, आणि मी माझ्यासाठी हे केलं, पूर्ण शुद्धीत, आणि वर्षानुवर्षं त्यावर टाळ्या घेतल्या. हे वय, ही टपरी, ही रीत — यातलं कशाचंही नाव मी पुढे करत नाही. त्याच रीतीनं मी किती घरं जोडलीत. रीत चांगलीच आहे.

परवा रविवारी प्रशांत बीडला येतोय. मी बोलावलंय. अण्णांनाही सांगितलंय की तो येणार आहे, कुठं जाऊ नका. कशासाठी, ते दोघांनाही सांगितलेलं नाही. दोघांना ओसरीवर शेजारी शेजारी बसवून ही पानं मी वाचणार आहे, आणि वाचून झाली की उठून घरी जाणार आहे. पुढचं ते दोघं बोलतील. मधे कुणी लागणार नाही.

काल वहिनींना सांगायला गेलो. त्या खूश झाल्या, पशा येतोय म्हणून. म्हणाल्या, "पुरणाचा घाट घालते. किती जणांचं करू, भावजी?"

म्हटलं, "तुमचं तिघांचं करा, वहिनी. माझं धरू नका."